शनिवारचं ॲव्हरेज

स्वारगेटच्या सिग्नलला तरन्नुमच्या नाकात आधी वास शिरला आणि मग ती गाडी दिसली. चार दिवस पावसानं उसंत घेतली नव्हती. रस्त्यावर डिझेलचा, ओल्या रेनकोटांचा, तुंबलेल्या गटाराचा वास भरून राहिला होता. पण त्यातूनही तिनं हा नेमका ओळखला. जळणाऱ्या ब्रेकचा. तिच्या स्कूटरपुढे विटक्या निळ्या रंगाची एक जुनी गाडी उभी होती आणि तिच्या मागच्या डाव्या चाकातून बारीक वाफ निघत होती.

सिग्नल सुटायला चाळीस सेकंद होते. एखादी शहाणी मुलगी गप्प राहिली असती. तरन्नुमनं स्कूटर पुढे दामटली आणि काचेवर टकटक केलं.

काच अर्धी खाली आली. आत तिशीतला एक माणूस, चष्म्यावर वाफ धरलेली, चेहरा असा की कुणी वाईट बातमीच द्यायला आलंय.

"तुमचं मागचं चाक धरतंय," ती म्हणाली. "ब्रेक दाबून गाडी चालवताय."

"मी नाही दाबलाय ब्रेक."

"तुम्ही नाही. गाडीनं दाबलाय."

तो विचारात पडला. "म्हणून इतकं पेट्रोल पिते का? मला वाटलं... वय झालं."

"कुणाचं?"

त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला आणि तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "दोघांचंही," तो म्हणाला.

मागून हॉर्नचा कल्ला सुरू झाला. "माझ्या मागे या," तरन्नुम म्हणाली, आणि तो आला. कुठे, कशाला, काही न विचारता आला. त्याचं तिला नंतर कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं.

स्वारगेटच्या मागच्या गल्लीत तिच्या अब्बांचं, इम्तियाजभाईंचं गॅरेज होतं. गाडीचा आवाज ऐकून दुखणं सांगणारा माणूस. पण दोन वर्षांपासून त्यांचे हात थरथरायला लागले होते, पाना धरवेना. आता ते दाराशी स्टुलावर बसून नुसते ऐकत. बायकोमाघारी वाढवलेल्या लेकीनं सगळं हाती घेतलं होतं, पण गिऱ्हाइकं तिच्याकडे बघून विचारत, "मेकॅनिक कुठाय?" शेजारच्या टायरवाल्या महिपतीला ती जागा हवी होती. पावसाळा संपेपर्यंत थांबा, असं अब्बांनी त्याला सांगून ठेवलं होतं.

"ऑइल कुणीही बदलतं, बेटा," त्या दिवशी ते निळ्या गाडीकडे बघत म्हणाले. "बिघाड शोधतो तो मेकॅनिक. या गाडीचं ॲव्हरेज तू जागेवर आण. आलं, तर किल्ल्या तुझ्या. नाही आलं, तर महिपतीला हो म्हणतो."

गाडीवाल्याला यातलं काही कळलं नाही. तो फैज. राहायला नाना पेठेत, लोणी काळभोरच्या कॉलेजात सांख्यिकी शिकवायचा. चहाच्या दुसऱ्या घोटाला त्यानं सांगितलं की गाडी अम्मीची. दर शनिवारी तो तिला यातून डायलिसिसला न्यायचा. मार्चमध्ये अम्मी गेली. एवढं बोलून त्यानं ग्लास खाली ठेवला.

तरन्नुमनं त्याला गाडीभोवती फिरवलं. "हात लावा. प्रत्येक चाकाला."

त्यानं लावला. तीन चाकं थंड होती. चौथ्याला चटका बसला आणि त्यानं हात झटकला. तिनं तो धरून उलटा करून बघितला. काही झालं नव्हतं. तरी तिनं लगेच सोडला नाही, आणि त्यानंही काढून घेतला नाही... अब्बा खाकरले, तेव्हा दोघांना गाडी आठवली.

ब्रेक मोकळा केल्यावर तिनं इंजिन चालू ठेवलं. अर्धा तास झाला तरी तापमानाचा काटा वर चढेना. कुणा दीडशहाण्यानं केव्हातरी थर्मोस्टॅट काढून टाकला होता. "इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप असते," ती म्हणाली. "ती नाही म्हणून गाडी सदा थंड. थंड इंजिन पेट्रोल ढोसतं. आता नवीन बसवते. टाकी गळ्यापर्यंत भरा, किलोमीटर लिहून ठेवा, आठवडाभर चालवा, परत गळ्यापर्यंत भरा. लिटरला पंधरा आलं पाहिजे."

"आणि नाही आलं तर?"

"तर परत या."

पुढच्या शनिवारी तो परत आला. वहीत निळ्या शाईनं, वळणदार अक्षरात लिहिलं होतं : नऊ पूर्णांक दोन.

मग शनिवारामागून शनिवार गेले. तिनं एअर फिल्टर बदलला. नऊ पूर्णांक चार. चाकांची हवा, चाकांची अलाइनमेंट, पेट्रोलची नळी... नऊ पूर्णांक एक. तो येताना खारीचा पुडा आणायचा आणि जॅकजवळ उकिडवा बसून तिला टॉर्च धरायचा.

"उजेड माझ्या तोंडावर नको, सर. बिघाड इंजिनात आहे."

"खात्री आहे?"

"तुम्ही वर्गात पण असंच बोलता?"

"वर्गात कुणी ऐकत नाही," तो म्हणायचा.

ती हसायची. पण शुक्रवारची रात्र आली की तिच्या मनात दोनच गोष्टी असायच्या. उद्या तो येणार. उद्या तो नऊ घेऊन येणार. पहिलीसाठी ती केस धुवायची, दुसरीसाठी तिला झोप लागायची नाही. गणपती आले, गेले. महिपती येता-जाता विचारायचा, "काय म्हनती निळी? हाय का काही सुधारणा?" अब्बा हल्ली तेही विचारत नव्हते.

एकदा तिनं भीतभीत म्हटलं, "अब्बा, आकडाच चुकत असेल तर?"

"गिऱ्हाइकाचा शब्द खरा धरून बिघाड शोधायचा," अब्बा म्हणाले. "तीस वर्षं असंच केलं. आणि ज्याचा शब्द खोटा निघाला, त्याची गाडी या दारात परत घेतली नाही. मग दोस्त असो की नातेवाईक."

त्यानंतर तिनं विषय काढला नाही. पण सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिनं प्लग उघडले. जादा पेट्रोल जाळणाऱ्या गाडीचे प्लग काजळीनं काळेकुट्ट निघतात. हे चारही स्वच्छ होते, बिस्किटाच्या रंगाचे. ती किती तरी वेळ ते हातात घेऊन बसली. फैजला तिनं फोन केला, "शुक्रवारी गाडी ठेवून जा. शनिवारी न्या."

शुक्रवारी तिनं टाकी गळ्यापर्यंत भरली आणि झिमझिम पावसात लोणी काळभोर गाठलं. आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. ऐंशी किलोमीटर. त्याच पंपावर टाकी परत भरली. पाच लिटर आणि दोनशे मिली.

पंधराच्या वर.

पंपावरच गाडी बाजूला घेऊन ती बसून राहिली. गाडी पहिल्याच शनिवारी बरी झाली होती. तिचे हात चोख होते. आणि दोन महिने हा माणूस तिच्या शेजारी बसून, टॉर्च धरून, तिचं ते चाचपडणं बघत होता. तिला इतका राग आला की रडू फुटलं. रडता रडता तिला हेही कळलं की तो असं का करत असेल, आणि त्यानं राग जाण्याऐवजी वाढलाच. अब्बांना सांगावं, तर गॅरेज वाचतं आणि फैजला दार बंद होतं. न सांगावं, तर गॅरेज जातं.

शनिवारी महिपती सकाळीच येऊन बसला होता; अब्बांनी दिलेली मुदत संपली होती. फैज आला, छत्री झटकली, खारीचा पुडा ठेवला.

"मागच्या आठवड्याचा आकडा?" तरन्नुमनं विचारलं. तिनं त्याच्या डोळ्यांत बघून विचारलं.

त्यानं वही उघडली. "नऊ... पूर्णांक दोन."

अब्बांनी मान हलवली. "महिपती, सोमवारी या. किल्ल्या देतो."

"कसल्या किल्ल्या?" फैजनं विचारलं.

"गॅरेजच्या," महिपती म्हणाला. "तुमच्या गाडीवरच ठरलं होतं की सर. पोरीला काय जमंना, त्याला कोन काय करणार."

फैजनं तरन्नुमकडे बघितलं. ती पुसून स्वच्छ झालेला पाना पुन्हा पुसत होती. तिच्या खिशात पंपाची पावती होती. तिनं ती काढली नाही.

"आकडे खोटे आहेत," फैज म्हणाला.

बाहेर पागोळ्या गळत होत्या. तो इम्तियाजभाईंकडे वळला. "पहिल्याच आठवड्यात पंधरा आलं होतं, चाचा. लिहायला बसलो आणि हात थांबला. पंधरा लिहिलं असतं तर इथं यायचं कारण संपलं असतं. अम्मी गेल्यापासून शनिवार... शनिवार काढता येत नव्हता मला. यांचं काही चुकलेलं नाही. सगळा बिघाड यांनी पहिल्याच दिवशी काढला होता."

अब्बा स्टुलावरून उठले. त्यांनी खिशातून किल्ल्या काढल्या आणि लेकीच्या हातात ठेवल्या. मग फैजला म्हणाले, "खरं बोललात, उपकार झाले. आता गाडी घेऊन जा. या दारात ती परत आणायची नाही."

फैजनं मान खाली घातली. जाताना तो तरन्नुमपाशी थांबला. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"कालपासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलता का, ते बघत होते," ती म्हणाली. तिनं पाठ फिरवली. निळी गाडी गल्लीबाहेर पडली तेव्हा इंजिनाचा आवाज निर्मळ होता. तिला तो मुख्य रस्त्यापर्यंत ऐकू येत राहिला.

किल्ल्या मिळाल्या. त्या मिळाल्यावर आभाळ ठेंगणं होईल, असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. पाटीवर अब्बांच्या नावाखाली तिचं नाव आलं, गिऱ्हाइकं "मॅडम" म्हणू लागली, आणि शनिवारी ती फोन उलटा ठेवून काम करू लागली. तो आला नाही, फोन आला नाही. पहिला शनिवार गेला, दुसरा गेला. तिसऱ्या शनिवारी अब्बांनी स्वतःच खारी मागवली आणि कुणी खाल्ली नाही.

चौथ्या शनिवारी परतीचा पाऊस कोसळत होता. ती एका गाडीखाली होती. तिला आधी बूट दिसले, चिखलानं भरलेले. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली.

"गाडी आणायची नाही म्हणालो होतो," वरून अब्बांचा आवाज आला.

"नाही आणली, चाचा. चालत आलोय."

तरन्नुम गाडीखालून बाहेर आली. गालाला ग्रीस, केसांत धूळ, तशीच उभी राहिली. "काय बिघडलंय?"

"काही नाही."

"मग का आलात?"

त्यानं चष्मा काढला, पुसायला कोरडं काही सापडेना, तसाच हातात धरला. "तुम्हाला भेटायला," तो म्हणाला. "दुसरं काही कारण नाही."

"हे पहिल्याच शनिवारी सांगायचं होतं."

"हो."

"दोन महिने मी तुमच्या गाडीखाली झोपत होते, सर. स्वतःच्या हातांना शिव्या देत."

"माहीत आहे... म्हणूनच यायला चार आठवडे लागले."

तिला अजून राग होता. तो इतक्यात जाणारही नव्हता, हे तिला ठाऊक होतं. पण तिनं हात फडक्याला पुसले आणि तेच फडकं उलटं करून, स्वच्छ बाजूनं, त्याच्या पुढे केलं. त्यानं चष्मा पुसला.

अब्बा बराच वेळ त्या भिजलेल्या बुटांकडे बघत होते. "गाडीचं मी मागे घेणार नाही," ते म्हणाले. मग पायानंच दुसरं स्टूल पुढे सरकवलं. "बेटा, तीन चहा सांग."

तेव्हापासून फैज दर शनिवारी नाना पेठेतून चालत येतो. अर्धा तास लागतो.