अकरा दिवसांची दाढी

अप्पा गेल्यावर त्यांच्या कपाटातून निघालं ते एवढंच: चार इस्त्रीचे शर्ट, जाड काचांचा चष्मा, नाट्यगृहाचा पितळी बिल्ला आणि रुमालात गुंडाळलेला वस्तरा. शर्ट आणि बिल्ला ताईनं घेतला. वस्तरा मात्र तिनं बोटानं भावाकडे सरकवला आणि म्हणाली, "हा तुझ्याकडे राहू दे." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, त्याला तो टोमणाच वाटला.

हा माणूस इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत काम करायचा. रक्त, थुंकी, कातडीचे तुकडे, जे खाली येईल ते काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकातून बघायचं आणि लिहून द्यायचं. तिथं सगळे त्याला मिलिमीटर म्हणत. चहात साखर किती विचारलं तर चार ग्रॅम सांगणारा माणूस, दुसरं काय म्हणणार त्याला! मोजता येत नाही ते नाहीच, असं त्याचं सरळ म्हणणं.

आणि त्याचे वडील, अप्पा? अप्पांनी चौतीस वर्षं नाट्यगृहाच्या दारात तिकिटं फाडली, पण एक दिवस बिनदाढीचे उभे राहिले नाहीत. "लोकांना नट नंतर दिसतो, आधी माझं थोबाड दिसतं," असं म्हणायचे. शेवटच्या आजारपणात ते त्याच इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर अकरा दिवस होते. आठव्या दिवशी त्यांनी गालावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाले, "अरे, एवढी दाढी करून देतोस का? नर्सबाईंसमोर लाज वाटते रे."

"रविवारी करू ना, अप्पा. सवडीनं."

तीन मजले. लिफ्टनं चाळीस सेकंद, त्यानं मोजलेले. अप्पा शनिवारी सकाळीच गेले. त्यांच्याबरोबर दारावर उभा राहणारा जुना सोबती शेवटचं बघायला आला, पांढरे खुंट वाढलेल्या त्या चेहऱ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हे आपले अप्पा? ओळखू येत नाहीत हो."

ते वाक्य त्याच्या डोक्यातून काही जाईना. म्हणून तर एक्केचाळिसाव्या वर्षी, चांगलं विजेचं मशीन घरात असताना, तो वस्तऱ्यानं दाढी करायला शिकायला निघाला. बायको हसली. "अहो, नाक तेवढं सांभाळा. एकच आहे."

गल्लीच्या तोंडाशी सलून होतं. तिथले काका अप्पांच्या वस्तऱ्याला धार लावून द्यायचे, अधूनमधून त्यांची दाढीही करायचे. त्यांनी वस्तरा उघडला, उजेडात धरला, खुर्चीच्या बाजूला टांगलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर चार वेळा फिरवला. मग फुगा फुगवून त्याला साबणाचा फेस फासला आणि म्हणाले, "करा याची दाढी. फुटला नाही की मग स्वतःची."

सात फुगे फुटले. आठवा वाचला.

"दाबायचं नाही," काका म्हणाले. "त्याच्या वजनानं त्याला चालू द्यायचं. आणि डोळ्यांनी नाही, कानांनी दाढी करायची. केस कापला की कर्र वाजतं. आवाज बदलला की थांबायचं." त्यांनी त्याच्या जबड्यावरून अंगठा फिरवला. "सोपा आहे तुमचा चेहरा. केस सरळ खाली जातात. अप्पांच्या हनुवटीखाली भोवरा होता. तीस वर्षांत मी कितीदा चुकलो असेन तिथं. तर आधी उजवा गाल, मग डावा, मग मान, मग ओठ. हनुवटी शेवटी. घाई नाही."

तो निघाला तेव्हा काकांनी विचारलं, "तुम्ही इस्पितळातले. मेल्यावरही माणसाची दाढी वाढते म्हणतात, खरं का हो?"

"थापा आहेत, काका. कातडी आकसते म्हणून खुंट वर आल्यासारखे दिसतात. वाढबीढ काही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्यानं न्हाणीघरातल्या आरशासमोर उजव्या गालाला फेस लावला. खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं. वस्तरा ठेवला, खाली ओढला. कर्र. सुरेख आवाज आला. पाच-सहा हात मारून त्यानं तोंड धुतलं आणि गालावर बोट फिरवलं. खुंट जिथल्या तिथं! काळे, राठ, एकही कापला गेलेला नाही.

बेसिनमधल्या फेसात मात्र केस होते. पांढरे.

अप्पांचे जुने केस मुठीत अडकले असतील, असं त्यानं स्वतःला सांगितलं. वस्तरा स्पिरिटनं पुसला, सांध्यातून काडी फिरवली, ब्रश उकळून काढला. गालाचा उरलेला भाग दुसऱ्या दिवशी केला, तर पुन्हा पांढरे केस. आधी केलेल्या भागावरून पुन्हा फिरवलं, तिथून काहीच नाही. ना पांढरं ना काळं.

तो वस्तरा घेऊन तडक सलूनमध्ये गेला. काकांनी स्वतःच्या मनगटावरची लव एका फटक्यात उडवून दाखवली. "धार तर उत्तम आहे. तुमचाच हात चुकत असेल."

मग त्यानं त्याला येत होतं ते केलं. केस काचपट्टीवर घेतले आणि कामावर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. म्हाताऱ्या पुरुषाच्या दाढीचे केस होते, टोकं ताजी कापलेली. लांबी जवळपास चार मिलिमीटर. वीस केस मोजले, सगळे तेवढेच. दाढी दिवसाला सुमारे पस्तीस शतांश मिलिमीटर वाढते, हे त्याला तोंडपाठ होतं. त्यानं कागदावर भागाकार केला. अकरा दिवस.

कागद घडी करून त्यानं खिशात ठेवला. कोणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय, कपाळ?

पण दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो पुन्हा आरशासमोर उभा होता. भीती वाटत होती, नाही कशाला म्हणा. पण त्या भीतीपेक्षा मोठं काहीतरी होतं. ज्याला एकदा नाही म्हटलं तो माणूस पुन्हा गाल पुढे करतोय, असं वाटलं तर कोण मागे फिरेल? डावा गाल झाला. मान सुरू झाली. हात आता हलका पडत होता. वस्तरा पाण्यात बुडवण्याआधी तो पाणी कोमट आहे का बघू लागला. स्वतःसाठी त्यानं ते कधी बघितलं नसतं.

एकदा बायको चहा घेऊन दाराशी आली ती तिथंच उभी राहिली.

"कोणाशी बोलत होता?"

"कोणाशी नाही. का?"

"'मान जरा वर करा,' असं म्हणालात." तिनं कप खिडकीत ठेवला. "स्वतःला कोणी 'करा' म्हणतं का हो?"

तिनं त्याच्या वाढलेल्या दाढीकडे पाहिलं, बेसिनमधल्या फेसाकडे पाहिलं आणि त्या दिवसापासून तिनं थट्टा केली नाही. तो बाहेर आला की ती मुकाट्यानं विजेचं मशीन पुढे करायची.

ओठ झाला. राहिली हनुवटी.

इथं त्याचं पाऊल अडलं. हनुवटी झाली की संपलं. मग फेसात काही येणार नाही, आणि पुढे करायला कोणाचा गालही उरणार नाही. सोमवारी त्यानं नुसता कमरेच्या चामडी पट्ट्यावर वस्तरा फिरवला. मंगळवारी डोकं दुखतंय म्हणाला. असा आठवडा गेला. शनिवारी सकाळी आरशासमोर उभं राहून तो मनात म्हणाला, रविवारी करू. सवडीनं.

तेच शब्द. वारही तोच.

"नाही," तो मोठ्यानं म्हणाला. "आजच. आत्ता."

त्यानं फेस लावला. हनुवटी पुढून झाली. मग मान वर करून खालच्या बाजूला हात घातला.

कर्र. कर्र.

आवाज बदलला.

पात्याखाली केस वळत होते. गोल फिरत होते. त्याच्या हनुवटीखाली भोवरा नव्हता.

त्यानं हात थांबवायला हवा होता. थांबला नाही.

फेसावर लाल ठिपका उमटला आणि पसरला.

"लागलं का?" तो कुजबुजला. "लागलं का, अप्पा?"

नळ ठिबकत होता. त्यानं फेस पुसला आणि आरशाजवळ जाऊन बघितलं. त्याची कातडी धड होती. साधा ओरखडासुद्धा नव्हता. तरी त्यानं तुरटी ओली केली आणि त्या जागी हलकेच धरून ठेवली, बराच वेळ. मग उरलेले केस उलट्या अंगानं, फुंकर घालावी इतक्या हलक्या हातानं काढले.

"झालं," तो म्हणाला. "उशीर झाला, अप्पा. फार उशीर झाला. माफ करा मला." आणि एवढा मोठा बाप्या बेसिनच्या कडेला धरून ढसाढसा रडला.

त्या रात्री त्याला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

रविवारी सकाळी वस्तरा गालावर ठेवला आणि पहिल्याच हाताला काळे खुंट भसाभस निघाले. सगळा चेहरा गुळगुळीत झाला. बायकोनं त्याचा गाल चिमटीत धरला. "आला बाई एकदाचा हात!" तो हसला. अप्पांनी सोडलं आपल्याला, असं त्याला वाटलं, आणि बरं वाटता वाटता थोडं वाईटही वाटलं.

बेसिन धुताना त्याला काळ्या केसांत काहीतरी बारीक, पीठ सांडल्यासारखं दिसलं. खरं तर पाणी सोडून मोकळं व्हायचं! पण मोजल्याशिवाय सोडेल तो मिलिमीटर कसला. त्यानं ते काचपट्टीवर घेतलं.

सोमवारी कामावर गेल्या गेल्या त्यानं पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. केस पांढरे होते. त्यानं तीनदा मोजलं. पस्तीस शतांश मिलिमीटर. एका दिवसाची वाढ.

त्यांच्यातच एक तपकिरी कण होता. तो काय आहे हे त्यानं चटकन लिहून दिलं असतं, दुसऱ्या कोणाचा असता तर. तो खुर्चीत मागे टेकला.

शेजारच्या टेबलावरची मदतनीस बाई वाकून भिंगातून बघायला लागली. "खपली आहे ना ही? खाली नवी कातडी धरलीय बघा. छान भरतेय जखम." तिनं नोंदीसाठी पेन उघडलं. "पेशंट कोणत्या मजल्यावरचा आहे?"

त्यानं फक्त मान वर करून छताकडे पाहिलं.