तिच्याकडे गोलकीपर नाही

तुम्ही खोटं लिहिलंय.

लीगच्या नियम समितीत बसून, खाली स्वतःचं नाव न घालता पत्रं धाडणाऱ्या तुम्हा सगळ्यांना म्हणतेय. तुमच्या पत्रात ओळ आहे – ‘रोपवाटिका आणि जुनं फर्निचर हे दोन्ही संघ एकच व्यक्ती चालवत असल्याचे सिद्ध झाले आहे.’ सिद्ध! कुणी केलं? कसं केलं? दोन्ही संघ गोठवले, रविवारची फायनल थांबवली, आणि सात दिवसांत खुलासा आला नाही तर दोन्ही पुसून टाकणार म्हणे. फोनवरच्या फुटबॉलमध्ये का असेना, अकरा हंगाम मी एकेक पोरगा निवडून ‘रोपवाटिका’ हा माझा संघ उभा केलाय. तुम्ही तो फळ्यावरच्या खडूसारखा पुसणार?

घ्या खुलासा. लांब आहे, बसून वाचा.

मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या आणि कॅप बनवते. चौथा मजला. पाचव्या हंगामातली गोष्ट. त्या दिवशी खेळाडू विकत घ्यायची मुदत संध्याकाळी सहाला संपत होती. एका डाव्या बाजूच्या बचावपटूवर माझा तीन आठवडे डोळा होता. नुसतं बटण दाबायचं राहिलं होतं. हातात प्लॅस्टरच्या जबड्यांचा ट्रे, खिशात फोन, आणि पावणेसहाला लिफ्ट तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये अडकली. रेंज शून्य.

बऱ्याच ठोकाठोकीनंतर दार वीतभर उघडलं. फटीतून आधी बूट दिसले, मग गुडघे, मग आडवा झालेला एक चेहरा. गालावर ग्रीसचा पट्टा.

“मॅडम, घाबरू नका.”

“घाबरले नाहीये. चिडलेय.”

“तेही नका. दहा मिनिटांत काढतो.”

“माझ्याकडे चारच आहेत!”

आणि मी, जी सख्ख्या बहिणीलाही फोनला हात लावू देत नाही, ती त्या फटीतून अनोळखी माणसाच्या हातात उघडा फोन देऊन मोकळी झाले. “तिकडे रेंज आहे ना? हिरवं बटण दाबा. बास.”

फटीतून त्याचा अंगठा नुसता वर-खाली फिरताना दिसला.

“दाबलं?”

“मॅडम… हा कशाला घेताय? डावीकडे तुमच्याकडे तीन आहेत की.”

“तुम्हाला काय करायचंय?”

“आणि गोलकीपर एकच? तोही सतरा वर्षांचा?” फटीतून मान हलताना दिसली. “पंचवीस जणांत अठरा पोरं विशीच्या आतली… हा संघ आहे की शाळा?”

“तुम्हाला कळतं यातलं?”

“खेळतो थोडं. दुसऱ्या लीगमध्ये.”

“मग दाबा ना बटण!”

“दाबतो. फक्त एवढं सांगा – ही पोरं शिकणार कुणाकडून?”

इथे माझी चूक झाली. मी सांगायला लागले. की पोरांना दर आठवड्याला मैदानात उतरवलं तरच ती वाढतात. की एका जागेसाठी तिघं असले की तिघंही जागे राहतात. की तीन हंगामांनी सगळी एकत्र पिकतील, तेव्हा मला कुणाच्या दारात जायला नको. तो म्हणाला, तोवर तुम्ही दर वर्षी सातव्या नंबरावर राहणार. मी म्हटलं, सहाव्या! तो म्हणाला, तिशीपुढचे चार घ्या, स्वस्तात मिळतात, एकेका वर्षाच्या करारावर. मी म्हटलं, असला जुन्या बाजारातला माल मी…

“मॅडम.”

“काय?”

“सहा वाजले.”

लिफ्ट पाच मिनिटांनी वर आली. ट्रेमधले सगळे जबडे माझ्याकडे बघून हसत होते. तो दार धरून उभा होता, चेहरा पार उतरलेला. “चुकलं माझं. खरंच… बोलण्याच्या नादात—”

“आमच्या लीगमध्ये या,” मी म्हटलं. “तळाला एक संघ बेवारस पडलाय. घ्या तो. मग दाखवते शाळा काय असते ते.”

आणि तो आला की हो! संघाचं नाव ठेवलं ‘जुनं फर्निचर’. तेहतीस, चौतीस, छत्तीस वर्षांचे खेळाडू, अर्धे धावायला लागले की आपल्यालाच धाप लागावी असे. गोलकीपर तर अडतीसचा होता, त्याला आम्ही ‘आजोबा’ म्हणायचो. दोन हंगामांत हे फर्निचर माझ्या डोक्यावर जाऊन बसलं. आणि माझा तो हुकलेला डावा बचावपटू? करार संपल्यासंपल्या यानेच उचलला.

“विकणार का?” असं मी विचारेन म्हणून तो वाट बघत राहिला. मी विचारलं नाही.

“मागा की,” तो म्हणायचा. “एकदा नुसतं मागा.”

“मरेन, पण मागणार नाही.”

“मरू नका. सोमवारी आपली मॅच आहे.”

देखभालीला महिन्यातून एकदा येणारा माणूस आठवड्यातून दोनदा यायला लागला. लिफ्ट बिचारी सुरळीत चालू होती. हा तिला बघायचा पाच मिनिटं आणि आमच्या लॅबच्या स्टुलावर बसायचा तासभर. फोनला हात लावण्याआधी तीन वेळा साबण लावून हात धुवायचा, तरी नखांच्या कडेला काळी रेघ राहायचीच. मी दातांना पॉलिश करत असले की बारीक पांढरी धूळ उडून त्याच्या पापण्यांवर बसायची. मी सांगायची नाही. का सांगू? बरी दिसायची.

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, आठवत नाही. भांडणातच झालं असणार. काचेवर पाऊस वाजत होता, लॅबचे मालक, आमचे सर, लवकर निघून गेले होते, आणि आम्ही एका सोळा वर्षांच्या काल्पनिक पोरावरून भांडत होतो.

“त्याला विक,” तो म्हणाला. “आत्ता भाव आहे.”

“पोरं विकायला वाढवत नाही मी.”

“मग त्याच्याशेजारी एखादा म्हातारा तरी खेळव. बघून शिकेल.”

“तू आणि तुझे म्हातारे!”

“तू आणि तुझा हट्ट.” मग खिडकीकडे बघत… “तसा तो हट्ट मला आवडतो म्हणा.”

माझ्या हातातली दाढ खाली पडली. दोन तासांचं काम. फुटली. मी त्याच्यावर ओरडले, तो फरशीवर ओणवा होऊन तुकडे गोळा करत राहिला, आणि आम्ही दोघंही हसत होतो, एकमेकांना दिसणार नाही अशा बेताने.

घरी मी त्याला इतक्या शिव्या घालायची, की आई एकदा म्हणाली, “तुझ्या बाबांशी मी तीस वर्षांत एवढी भांडले नाही. घरी तरी आण त्याला, बघू दे कोण आहे तो.” ताई म्हणाली, “आई, बाबांच्या संघात गोलकीपर होता का पण?” दोघी खिदळल्या. मी ताट उचलून आत गेले.

खोटं कशाला बोलू – पुढच्या हंगामात मी दोन म्हातारे घेतले. एक मधल्या फळीत, एक बचावात. पोरं झपाट्याने वाढली. त्यानेही एक सतरा वर्षांचा मुलगा घेतला आणि आठवडाभर मला सांगितलं नाही. लाजत होता. पण दुसरा गोलकीपर मात्र मी घेतला नाही. पंचविसातली एक जागा बाकावर सडवायची? “एक दिवस नडेल,” तो म्हणायचा. “तेव्हा बघू,” मी म्हणायची.

नडलं. सेमीफायनलच्या दोन दिवस आधी माझ्या गोलकीपरचा गुडघा गेला. सहा सामने बाहेर. बाजारात बरा म्हणावा असा एकही शिल्लक नाही, मुदत संपायला एक दिवस. मी कुणाला बोलले नाही. लॅबमध्ये एक कॅप तीनदा करावी लागली, सर म्हणाले बरं नाही का, मी म्हटलं डोकं दुखतंय. तो त्या दिवशी आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ‘जुनं फर्निचर’कडून प्रस्ताव. आजोबा. नियमाने चालेल त्यातल्या सगळ्यात कमी किमतीत.

मी फोन केला. “हे काय?”

“पगार परवडत नाही त्याचा,” तो म्हणाला. “घ्यायचा तर घे, नाहीतर सोडून देणार होतो.”

“‘मी सांगितलं होतं’ असं म्हण ना. म्हणून टाक एकदा.”

“मी कुठे काय म्हणतोय?”

घेतला. आजोबांनी सेमीफायनलमध्ये दोन पेनल्टी अडवल्या. तिकडे यानेही दुसरी सेमीफायनल जिंकली – हो, तो दोन गोलकीपर ठेवतो! म्हणजे फायनल आमची आमच्यात. त्याच्याच म्हाताऱ्याच्या हातमोज्यांनी मी त्याला हरवणार होते. इतका आनंद मला पहिल्या पगारालासुद्धा झाला नव्हता.

आणि मग तुमचं पत्र.

म्हणे दोघांचं नेटवर्क एक. असणारच! तो आमच्या लॅबच्या स्टुलावर बसून लॅबचं वायफाय वापरतो. म्हणे दोघंही एकाच वेळी खेळात येतात. येणारच, समोरासमोर बसल्यावर भांडण एकदमच सुरू होतं. म्हणे आजोबांचा सौदा संशयास्पद. आणि पुरावा म्हणून तुम्ही त्या सौद्याचा कागद जोडलाय. कमी किमतीत खेळाडू दिला की कारण लिहावं लागतं, तो रकाना फक्त समितीला दिसतो. मला तो कधीच दिसला नव्हता. तुमच्या पत्रात दिसला. त्याने लिहिलं होतं –

‘तिच्याकडे गोलकीपर नाही, आणि ती मागणार नाही.’

मी ती ओळ स्टुलावर बसून वाचली. त्याच्या स्टुलावर. मग ॲप्रन काढला आणि सरांना काहीही न सांगता निघाले.

तो दोन गल्ल्या पलीकडच्या इमारतीत होता. लिफ्ट दुरुस्तीला बंद. कुणी बंद केली होती? यानेच! नऊ मजले चढले. गच्चीवरच्या मशिनच्या खोलीत तो टॉर्च दातात धरून वायरी जोडत होता. मला बघून टॉर्च काढला.

“पत्र मिळालं?”

“पगार परवडत नव्हता, नाही का?” मला धाप लागली होती. “खोटारडा!”

तो पाना हातातल्या हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, “मी विचार केलाय. मीच माझा संघ काढून टाकतो. त्यांना लिहितो, चूक माझी. तुझा वाचेल.”

“काढून बघ! तंगडं मोडीन!”

“अगं, अकरा हंगामांचा संघ आहे तुझा…”

“आणि मी हरवू कुणाला? सांग ना! वर्षभर मी कुणासाठी ती पोरं वाढवतेय? आठव्या नंबरावरच्या त्या झोपाळू मास्तरासाठी? तू गेलास तर त्या लीगमध्ये मला… मला कुणाशी बोलायचंय तरी?”

बोलून गेले. मागे घेता येईना.

वारा होता. त्याच्या कपाळावर घाम, गालावर तोच तो ग्रीसचा पट्टा. मी ओढणीच्या टोकाने पुसायला गेले तर आणखीच पसरला.

“राहू दे,” तो हळूच म्हणाला. “ऐक… तशीही पंचाईत आहे. आज लॅबचं वायफाय एक. उद्या समजा… घरचंही एकच झालं तर?”

“म्हणजे?”

“म्हणजे… विचारतोय. लग्न करशील?”

“इथे? या खोलीत?”

“नऊ मजले कुणी चढलं?”

मी हसले. मग रडले. मग पुन्हा चिडले. तुमच्यावर. कारण माझ्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट, तुमच्या त्या कोरड्या पत्राची प्रत माझ्या मुठीत चुरगळलेली असताना घडत होती.

“उत्तर देईन,” मी म्हटलं. “फायनल झाल्यावर.”

“हरलीस तर?”

“तू हरणार आहेस.”

“बरं, मी हरलो तर?”

“तेव्हाच सांगेन.”

तो उत्तराची वाट बघत भिंतीला टेकून बसलाय तेव्हापासून. म्हणजे अक्षरशः नाही, कामं करतोय, पण तीन दिवस झाले, दर संध्याकाळी स्टुलावर येऊन बसतो आणि फक्त एवढंच विचारतो, “आलं का त्यांचं काही?”

तर ऐका. आम्ही दोन माणसं आहोत. तो आजच्या रविवारचा विचार करतो, मी तीन हंगामांपुढचा. तो जाईल तिथे हसत मागून घेतो, मला मागता येत नाही. मला दार उघडून दिलं तरी मी आधी भांडते. एकच माणूस स्वतःशी इतकं भांडलं असतं तर केव्हाच वेडं झालं असतं. इमारतीच्या चौकीदाराला विचारा, सरांना विचारा, माझ्या आईला विचारा. आणि उद्या आम्ही एका घरात, एका वायफायवर राहिलो, तरी दोन संघ राहतील. त्यासाठी नियम बदलावा लागत असेल तर बदला. बसलात कशाला तिथे?

मी आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही. साधा गोलकीपरसुद्धा नाही. आज मागतेय. आमचे संघ परत द्या आणि फायनल रविवारी लावा. तिकडे एक माणूस माझ्या उत्तरासाठी थांबलाय, आणि मी तुमच्या.

द्या उत्तर. रविवारी आमची मॅच आहे की नाही?