आंब्याचे दस्ते

भैरवकड्याच्या तटावर तांबडे फुटले तेव्हा गनिमाचे मोर्चे खालच्या माचीला येऊन भिडले होते, आणि बरकंदाजांना कालच वाटलेल्या नव्या बंदुकांपैकी एकीचा लाकडी दस्ता नखाने खरवडीत गडाचा सुतार गोमाजी नाक मुरडत उभा होता. नखात काळा रंग आला, खाली आंब्याचे पांढरट लाकूड दिसले. अक्रोडाच्या टरफलांचा रंग फासून अक्रोडाची म्हणून सजवलेली ही घाण कारखानीस विसाजीपंतांनी गडाखालून घडवून आणली होती. गोमाजीला शिसारी आली.

तो तडक सदरेवर गेला. हवालदार दौलतराव घाऱ्यांशेजारी अत्तर माखलेले पंत बसलेच होते.

"सरकार, अक्रोड धक्का पिऊन घेतो, चिरत नाही, दमटात वाकत नाही. हा आंबा एल्गारातल्या दुप्पट दारूला उभा फाटेल. आपल्याच माणसांचे जबडे जातील!"

पंत हसले. "अक्रोडाचंही सालीलगतचं लाकूड फिकटच असतं, गोमाजी. नखानं पारख करायला तू सुतार की सोनार?"

बोलणे खरे होते, म्हणून तर ते अधिक ओंगळ वाटले. हवालदार घुटमळले, एल्गार तोंडावर असताना शिपायांच्या हातून बंदुका काढायच्या कशा?

नव्या हत्याराचा पहिला बार ते पुरवणाऱ्याने काढावा, असा गडाचा रिवाज होता. गोमाजीने दुप्पट दारू ठासून बंदूक पुढे केली. "पंत, घ्या."

"आमचं काम लेखणीचं."

"मग मीच काढतो."

त्याने दस्ता गालाला लावला, जामगीची पेटती वात टेकवली. बार झाला, दस्ता उभा चिरला आणि वीतभर ढलपी त्याच्या डाव्या डोळ्यात घुसली.

"दस्त्यांसाठी आलेलं अक्रोड कुठंय?" हवालदारांनी विचारले.

अक्रोड पंतांच्या घरी सापडले: नक्षीचा पलंग, दारांच्या चौकटी. डोळ्याला फडके बांधून गोमाजीने इतर सुतारांसह तिसऱ्या प्रहरापर्यंत बावीस ओबडधोबड दस्ते तासले. त्या बावीस बंदुकांनी सांजेचा एल्गार मोडला.

महिन्याने राजधानीहून मानाची वस्त्रे आली. पंतांचे बंधू दरबारी वजनदार. घरचे अक्रोड गडाच्या कामी अर्पिल्याबद्दल वस्त्रे पंतांना! गोमाजीलाही शेला होता, पण तो पंतांच्या हस्ते घ्यायचा होता.

बोलवायला आलेल्या जासुदाकडे गोमाजीने उरल्या डोळ्याने पाहिले. "त्या हातचा शेला माझ्या मढ्यावरही घालू नका म्हणावं."

तो उंबऱ्याबाहेर थुंकला आणि पुन्हा रंधा मारू लागला.