मधला दाब

बटाट्याची भाजी कशी करायची ते शाल्मलीने टेसाला पडद्यावरून इतकं नीट सांगितलं होतं, की चुकायला जागाच नव्हती. तरी टेसाचे बटाटे शिजेनात. पाणी खळाखळा उकळत होतं, पण काटा टोचून पाहावा तर बटाटे कच्चेच. दोघी एकाच वयाच्या, दोघी चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर राहणाऱ्या, पाणीसुद्धा एकाच विवरातल्या बर्फाचं. फरक एवढाच, की टेसा अमेरिकन तळावर होती आणि शाल्मली रशियन तळाला जोडलेल्या भारतीय खोल्यांत. दोन्ही तळांच्या खिडक्या समोरासमोर होत्या. हात हलवला तर दिसायचा.

शाल्मलीचे आजोबा, म्हणजे नाना हसबनीस, हा प्रकार पाहून गालात हसले. तळावरची हवा सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"तिच्याकडे पाणी उकळतं, पण पुरेसं तापत नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी समजावून सांगितलं. भांड्यातल्या पाण्यावर हवा सतत रेटा देत असते. हाच वायुदाब (हवेने सगळ्या बाजूंनी दिलेला रेटा). हा रेटा झुगारून वाफेचे बुडबुडे वर आले, की आपण पाणी उकळलं म्हणतो. रेटा कमी असेल, तर पाणी थोड्याशा उष्णतेतच उकळायला लागतं आणि त्याहून जास्त तापतच नाही. कुकरमध्ये आपण दाब वाढवतो, म्हणून डाळ लवकर शिजते. टेसा जणू उलट्या कुकरमध्ये राहत होती. रशियन तळावरचा दाब पृथ्वीसारखा, तो शंभर धरला तर अमेरिकन तळावर जेमतेम चौतीस.

"मग त्यांनी हवा वाढवावी ना," शाल्मली म्हणाली.

नानांचा चेहरा उतरला. हा प्रश्न त्यांनीही तरुणपणी विचारला होता. अमेरिकन म्हणत, आमची हवा विरळ आहे पण शुद्ध ऑक्सिजनची आहे, भिंती हलक्या चालतात, पोशाख चढवून पटकन बाहेर पडता येतं. रशियन म्हणत, शुद्ध ऑक्सिजनमध्ये एक ठिणगी पडली तर होळी होईल. आमच्या हवेत नायट्रोजन (ज्वलनाला मदत न करणारा वायू) मिसळलेला आहे, तीच खरी हवा. दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं. पण या दोन देशांचं भांडण फार जुनं. आधी बॉम्ब कुणाचे जास्त, मग चंद्रावर आधी कोण, आणि चंद्रावर आल्यावर हवा कुणाची खरी. नानांनी हिशेब करून मधला आकडा काढला होता, छप्पन्न. दोन्ही तळांनी तो घेतला असता तर एकच मोठा तळ झाला असता. त्यांचे दोन दोस्त, रशियन आर्काडी आणि अमेरिकन वॉल्टर, जेवताना म्हणायचे की तुझा आकडा बरोबर आहे. बैठकीत मात्र दोघांचेही हात खालीच राहायचे. आता दोघेही हयात नव्हते.

शेवटी दोन्ही तळांच्या मधे दाबखोल्या (हवेचा दाब बदलायच्या बंद खोल्या) बांधल्या. एकीने भागलं असतं, पण ती कुणाची यावरून वाजलं, म्हणून दोन झाल्या. नियमही ठरला, की जाणाऱ्याने यजमानाच्या दाबावर यायचं, यजमान आपला आकडा हलवणार नाही. जायला तास न् तास लागत, म्हणून मुलांना बारा वर्षं पूर्ण होईपर्यंत परवानगी नव्हती. दोघींचा बारावा वाढदिवस पुढच्याच महिन्यात होता. दोन वर्षं शेजारी राहून त्या पहिल्यांदा भेटणार होत्या, आणि त्याच दिवसासाठी भाजीचा सराव चालला होता.

एवढ्यात पडद्यावर टेसाची आई आली. सूर्याकडून वादळ येत होतं, आणि टेसाचं कुटुंब घरी जाणार होतं ते यान पुढच्या महिन्याऐवजी आजच, दोन तासांत सुटणार होतं. टेसा पुन्हा चंद्रावर येणार नव्हती.

शाल्मली उठून सरळ दाबखोलीकडे निघाली. दाब झटकन कमी करा, मी जाते, असा तिचा हट्ट. नानांनी तिचा हात धरला.

"सोड्याच्या बाटलीचं बूच काढलं की बुडबुडे येतात ना? आपल्या रक्तात नायट्रोजन विरघळलेला असतो. दाब एकदम इतका उतरला की त्याचेही तसेच बुडबुडे होतात. माणूस जन्माचा अधू होतो, बाळा. मी पाहिलंय."

मग टेसा इकडे येईल, असं ती म्हणायला गेली, आणि वाक्य पुरं करायच्या आधीच तिचं तिला कळलं. इथल्या हवेतला नायट्रोजन टेसाच्याही रक्तात शिरणार, परतताना तिलाही थांबावं लागणार, आणि यान निघून जाणार. ती मटकन खाली बसली आणि रडू लागली.

रडता रडताच तिने विचारलं, "नाना, सगळा तळ छप्पन्नवर नको. फक्त त्या दोन खोल्या आणल्या तर?"

नानांनी मनातल्या मनात हिशेब केला. शंभरवरून छप्पन्नवर येणं शरीराला सहज सोसतं. टेसाला थोडा वेळ छप्पन्नवर जाऊन परतणंही सोपं होतं. आणि दोन्ही खोल्यांतला दाब सारखा झाला, की मधला दरवाजा उघडतो. सगळा तळ एक करायचं स्वप्न पाहण्यात नानांचं आयुष्य गेलं होतं. दोन खोल्यांचा विचार त्यांच्या मनाला शिवला नव्हता.

मोठ्यांचं घोडं मात्र लगेच अडलं. रशियन पाळीप्रमुख म्हणाले, आमची हरकत नाही, पण आधी त्यांनी आकडा हलवावा. अमेरिकन पाळीप्रमुखबाई म्हणाल्या, आनंदाने, पण आधी त्यांनी. नाना दोघांना विनवून दमले. तासाहून जास्त वेळ या आधी-नंतरमध्ये गेला. शेवटी शाल्मलीने नानांच्या हातून माइक घेतला.

"काका, काकू, टेसा आणि मी मिळून तीन म्हणतो. तीन म्हटलं की दोघांनी एकदम फिरवा. मग कुणीच आधी नाही."

दोघी मिळून मोजू लागल्या. तीनला दोन्ही बाजूंची दाब बदलायची चक्रं एकाच वेळी फिरली.

दरवाजा उघडला तेव्हा हातात दहाएक मिनिटं उरली होती. टेसा शाल्मलीहून चांगली वीतभर उंच निघाली. पडद्यावर ते कधी कळलंच नव्हतं. ठरवलेलं एकही वाक्य दोघींना आठवेना. त्या नुसत्या एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या, रडल्या, मग उगीचच हसल्या. तिकडून हाक आली आणि टेसा गेली.

"एवढाच वेळ मिळाला," शाल्मली म्हणाली.

"आर्काडी आणि वॉल्टर या दारात कधी उभेच राहिले नाहीत," नाना म्हणाले, आणि त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

खोल्यांचा आकडा परत फिरवायचा हुकूम कुणीच दिला नाही, कारण आधी आपण का फिरवावा, असं दोघांनाही वाटत होतं. छप्पन्न तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी तिथे एक रशियन स्वयंपाकी आणि एक अमेरिकन मेकॅनिक एकाच बाकावर बसून गप्पा मारताना दिसले, तिसऱ्या दिवशी आणखी चौघं आले. शाल्मलीने दारातून एकदा डोकावून पाहिलं. टेसा तोवर पृथ्वीच्या जवळ पोचली होती.