राखाडी गाडीचा दोष

कागलच्या माळावरच्या चाचणीपथावर त्या सकाळी तीन गाड्या उभ्या होत्या. तांबडी, पांढरी, राखाडी. आणि त्यांना नावं ठेवायला दोन म्हातारे आले होते.

एक रणधीर इंगवले. वय अडुसष्ट, एके काळचे रॅलीचालक. डोळे बांधून बसवलं तरी कुठल्या चाकात हवा कमी आहे ते सांगत. दुसरे त्यांचे चाळीस वर्षांचे मित्र बाळासो मगदूम. उद्यमनगरात गॅरेज. मगदूमांच्या मते गाडी कधीच वाईट नसते, वाईट असतो तो मालक.

गाड्या आता स्वतःच चालत. माणसानं चालवायचे परवाने राज्यात फक्त पाचशे उरले होते आणि आज दोघांचं नूतनीकरण होतं. परवाना गेला की आयुष्यभर मागच्या आसनावर, पार्सलासारखं. इंगवल्यांना मरणाची एवढी धास्ती नव्हती. टोपीखाली नसांचे संकेत टिपणारी पातळशी मज्जापट्टी बांधून दोघांनी पाळीपाळीनं तिन्ही गाड्या चालवल्या आणि ते शेडमध्ये येऊन बसले.

"तांबडी बरी," इंगवले म्हणाले. "वळणावर नाक आत घेते. पांढरी जरा आळशी. आणि राखाडी म्हणजे मर्दा, पाप आहे. ब्रेक दाबला की आधी विचार करते."

"मला नाही जाणवलं," मगदूम भडंग खात म्हणाले.

"तुला बोहल्यावर नवरी बदलली असती तरी जाणवलं नसतं."

"तुला तरी कधी गाडी पसंत पडली का रं? वरातीतल्या घोड्याचं सस्पेन्शन तपासणारा माणूस तू."

"ब्रेकला बत्तीस शतांश सेकंद उशीर आहे. हवं तर मोजून घे. वर डावीकडे ओढते."

"लिही मग. त्यासाठीच बोलावलंय."

इंगवल्यांनी लिहिलं.

वाहन : राखाडी
दोष : ब्रेकला ०.३२ सेकंद विलंब. डावीकडे ओढ. चालकाला खोटा धीर देते.
शिफारस : रस्त्यावर येऊ देऊ नये.
जाणत्याची सही : र. इंगवले

मगदूमांनी तिन्ही कागदांवर एकच शब्द लिहिला. झकास.

चाचणी घेणाऱ्या डॉ. मृणाल तेरदाळे मज्जाशास्त्रज्ञ होत्या. त्यांनी इंगवल्यांना एकट्यालाच आत बोलावलं.

"तुमचा अंदाज बत्तीस शतांश. आमच्या यंत्राचा एकतीस. एवढा बारकावा मी माणसात पाहिला नव्हता."

इंगवले सुखावले. "गाडी बनवणाऱ्याला कळवा."

"तिन्ही गाड्या आतून एकच आहेत, इंगवलेसाहेब. रंग वेगळा, आसनं वेगळी, इंजिनाचा आवाजही कृत्रिम. ब्रेक दाबल्यावर त्या हजारांश सेकंदात थांबायला लागतात."

"मग उशीर कुठं होतो?"

"पायात. मेंदूतून हुकूम निघाल्याचं तुम्हाला कळतं, गाडी थांबल्याचंही कळतं. मधला वेळ तुम्ही गाडीच्या नावावर टाकलात. सगळेच टाकतात. तांबडी पहिली चालवलीत, तेव्हा ताजे होता. राखाडी शेवटी. चाळीस मिनिटांत तुमच्या नसा थकतात. डावा हात तर आधीच."

इंगवल्यांनी डाव्या हाताकडे पाहिलं. तो मांडीवर निवांत पडला होता.

"यंत्राच्या सांगण्यावरून माणसाला अपात्र ठरवता येत नाही," ते सावकाश म्हणाले. "कायदा आहे."

"आहे ना. तुम्हीच मोर्चे काढून करून घेतलात. जाणत्या माणसाची सही लागते." बाईंनी त्यांचा कागद त्यांच्यासमोर ठेवला. "ही आहे."

"मी गाडीबद्दल लिहिलं."

"त्या गाडीत तुमच्याशिवाय काहीच नव्हतं."

बाहेर मगदूम कुणाला तरी मोठ्यानं सांगत होते, की ही राखाडी म्हणजे नुसतं लोणी.

"आणि त्याचं?" इंगवल्यांनी विचारलं.

"एक्केचाळीस शतांश. तुमच्याहून वाईट. पण त्यांना ते जाणवलं नाही, म्हणून त्यांनी लिहिलं नाही. परवाना मिळेल."

"तो कुणाला तरी चिरडेल."

"चिरडतील." बाईंनी परवानाधारकांची यादी उघडली. "पाचशांपैकी तीनशे जण त्यांच्यासारखेच आहेत. मला जाणता माणूस हवाय. चालकाशेजारी बसायचं, अंगानं उशीर ओळखायचा, सही करायची. तुम्हाला स्टिअरिंग मिळणार नाही. पण रोज पुढच्या आसनावर बसाल."

इंगवल्यांना राग यायला हवा होता. त्याऐवजी त्यांनी विचारलं, "सुरुवात कधी?"

बाईंनी कोरा कागद पुढे केला. त्यावर चालकाचं नाव तेवढं आधीच भरलेलं होतं. बाळासो मगदूम.

इंगवले राखाडी गाडीत शेजारी बसताच मगदूमांनी त्यांना पट्टा ओढायला मदत केली. आपला परवाना मिळाल्यातच जमा आहे आणि इंगवल्यांचा गेला, एवढं त्यांना बाहेर कळलं होतं.

"बस रं गुमान. हातात नाही तर नाही, निदान वारा खा. तुला रोज फिरवीन मी. म्हातारीसारखा मागं नाही बसवणार, शब्द आहे."

गाडी सुटली. पहिल्या वळणाआधी इंगवल्यांनी मगदूमांच्या मानेवरची शीर ताणलेली पाहिली आणि मोजायला सुरुवात केली. पाय फार उशिरा उतरला. दुसऱ्या वळणावर आणखी उशिरा, आणि कडेचा पिवळा खांब आरशाला घासून गेला.

"खांब कुणी एवढा पुढं ठेवलाय?" मगदूम हसले. त्यांनी गाडी थांबवली, घाम पुसला आणि लहान पोरासारखे वळून बसले. "हं. काढ आता खोड. ब्रेक, क्लच, काय ते."

इंगवल्यांनी आरशावरचा ओरखडा पाहिला.

"गाडीत काही दोष नाही," ते म्हणाले.

मगदूम बघतच राहिले. मग त्यांनी इंगवल्यांच्या गुडघ्यावर जोरात थाप मारली. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते.

"चाळीस वर्षं लागली लेका तुला. आता तसं लिहून दे मला. फ्रेम करून गॅरेजात लावतो."

इंगवल्यांनी बाईंनी दिलेला कागद गुडघ्यावर पसरला आणि पेनाचं टोपण काढलं. त्यांनी मगदूमांना तारीख विचारली, मगदूमांनी ती हौसेनं सांगितली.