तेहतीस अंशांवरचा आवाज

दादाचा चष्मा पोचवायला मी दुपारी बाराच्या भेटीला दवाखान्यात गेलो. शुद्धीवर नसलेल्या माणसाला चष्मा कशाला, हे वहिनीला विचारायची सोय नव्हती.

आदल्या दिवशी दादाचं हृदय नऊ मिनिटं बंद पडलं होतं. ते चालू झालं, पण तेवढा वेळ मेंदूला रक्त नव्हतं. आणखी पेशी मरू नयेत म्हणून गार पाणी खेळवलेल्या गादीवर त्याला चोवीस तास तेहतीस अंशांवर ठेवलं होतं. आमच्या कचेरीतही फायली थंड पडत; त्यानं कुणाचा मेंदू वाचल्याचं ऐकिवात नाही.

खोलीत स्पिरिटचा वास, यंत्राची संथ घरघर. पडद्यावर आकडा चौतीसच्या पुढे. नर्स गोंधळून नळ्या तपासत होती. मी पांघरूण उचललं. दादाच्या पायांशी आमच्या घरची गरम पाण्याची पिशवी होती. वहिनी शेजारीच उभी होती.

माझं डोकं फिरलं. वहिनीला नको नको ते बोललो. नवऱ्याला मारायचंय का, इथपर्यंत. डॉक्टरांचाही उद्धार केला. संमतीची सही घेताना त्यांनी तिला या गारव्याचं कारण एका वाक्यानंही सांगितलं नव्हतं. वहिनी रडली नाही.

"यांनीच मागितली, भाऊजी. पाय गारठलेत म्हणाले."

नर्स हलकेच म्हणाली, "काका, घशात नळी आहे. कुडकुडू नयेत म्हणून औषधही दिलंय. पापणीसुद्धा हलणार नाही त्यांची."

मी पिशवीसाठी वाकलो. तोच उशाकडून दादाचा आवाज आला, लहानपणी दटावायचा तसा.

"राहू दे रे ती..."

त्याचे ओठ मिटलेले होते. नर्सनं मान वर केली नाही. जन्मात पहिल्यांदा मी दादाचं ऐकलं नाही. पिशवी ओढून काढली आणि बेसिनमध्ये रिकामी केली.

तिसऱ्या दिवशी दादा जागा झाला. नावं, तारखा, माझे जुने गुन्हे, सगळं शाबूत. घसा सुजल्यानं आवाज फुटत नव्हता. मी पिशवीची हकिकत सांगितली, तेव्हा त्यानं खुणेनं कागद मागितला आणि लिहिलं, 'मला थंडी वाजतच नव्हती. तुम्ही कुणाचं ऐकत होतात?'

भीतीआधी मला संतापच आला. जो कुणी बोलला, त्याला दादाचा आवाज वापरायची परवानगी दिली कुणी?

कागद दाखवायला मी वहिनीकडे वळलो. ती दारात पाठमोरी उभी होती. समोरचा व्हरांडा रिकामा. फक्त दादासाठी राखलेल्या हळू आवाजात ती म्हणत होती,

"आणते हो... जाड शाल आणते. तुम्ही बसा तोवर..."