डावा दिवा

शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक तुकडा सोडून. तो कुठला, ते शेवटी सांगतो. आधी सांगितलं तर तुम्ही उठून जाल.

दोघे भाऊ. थोरल्याचं गॅरेज, धाकट्याची कोरी पिकअप. गाडी दारात आली त्या दिवशी बाबांनी बॉनेटवरून असा काही हात फिरवला, की थोरल्याचा जळफळाट झाला. इतक्या वर्षांत तो हात त्याच्या पाठीवरून कधी फिरला नव्हता.

घाटातल्या धुक्यासाठी धाकटा दोन जादा दिवे घेऊन आला.

"दादा, ब्रॅकेट बसत नाहीत रे. भोकंच जुळत नाहीत."

"बाजारातलं ब्रॅकेट आणि सासऱ्याने घेतलेला शर्ट, कोणाला मापाचा मिळालाय?"

बाबा पुढच्या सीटवर बसलेले. उतरायचं नाव नाही. "जपून रे," ते आतूनच म्हणाले. "ओरखडा नको."

म्हणजे रंगाला. थोरल्याचा अंगठा कानशीने सोलला होता, तो कोणी पाहिला नाही.

उजवं ब्रॅकेट त्याने मन लावून केलं. शिकंजात धरून वाकवलं, गोल कानशीने भोक लांबवलं, नट करकचून आवळला. डाव्याचं भोक मात्र गरजेपेक्षा जास्तच घासलं आणि नटाखाली स्प्रिंग वॉशर घातलाच नाही. खड्ड्यांत दिवा सैल होईल, मान वळवून कडेला बघत बसेल, बाबांसमोर धाकट्याची फजिती होईल. बस, एवढंच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, धुकं गॅरेजच्या दारापर्यंत आलेलं असताना धाकटा परत आला. ओठ पांढरे पडलेले.

"दादा... डावा दिवा सरकलाय. रस्ता सोडून कडेलाच उजेड पाडतो."

"आवळून देतो की."

"कडेला कोणीतरी उभं असतं... प्रत्येक वळणावर. तोच माणूस. काहीतरी घासत असतो..."

थोरल्याने दिवा लावला. तो दिव्याच्या मागे उभा, आणि त्याची सावली मात्र समोरच्या भिंतीवर. तिचा हात मागेपुढे होत होता. खर्र... खर्र... कानस तर खिळ्याला टांगलेली. त्याने कसाबसा वॉशर घातला, नट आवळला. सावली विरली. भाऊ सुखरूप घरी गेला.

आता तो तुकडा. धाकटा परत आला, हे सगळं माझ्या पदरचं. परत आली ती क्रेनने ओढत आणलेली गाडी, आणि पुढच्या सीटवरून जिवंत काढलेले बाबा. कडेचा माणूस त्यांनी पाहिला. मला त्यांनीच सांगितलं. धाकटा त्याच्याकडे बघत राहिला आणि वळण चुकलं.

थोरला त्या संध्याकाळी गॅरेजमधून हलला नव्हता. मीच समोर चहा पीत बसलो होतो.

बाबा आता रोज तिथे येऊन बसतात. थोरल्याच्या पाठीवरून हळूहळू हात फिरवतात आणि एकच विचारतात,

"हाका मारत होतो रे आम्ही... तू त्या वळणावर उभा राहून घासत काय होतास?"